आधी घेणारा देव

देवबागात घर झाडणं हे न संपणारं काम. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या वाळूच्या पट्टीवर आमचं घर. कितीही झाडा, येणाऱ्या प्रत्येक पायाबरोबर चिमूटभर वाळू आत येतेच. किश्श्यांचंही तसंच आहे. शिवाय आमच्या पडवीत पाय जरा जास्तच येतात, कारण होमस्टेच्या पाहुण्यांसाठी घेतलेलं वायफाय नेमकं तिथेच जोरात लागतं!

त्या पडवीचे कायमचे मानकरी दोघे. माझा मुलगा दिगू आणि त्याचा शाळेपासूनचा दोस्त सलीम. सलीमच्या घरचा मासळीचा धंदा, पण तो आणि दिगू मिळून पॅरासेलिंगची बोट चालवतात. दिगू सुकाणू धरतो, सलीम दोर. पावसाळ्यात बोट वाळूवर ओढून ठेवली की दोघे व्हिडिओ गेम खेळतात. तलवार घेऊन राक्षस मारायचे, राक्षसाच्या अंगातून पडेल ते उचलायचं आणि आपल्या अंगावर चढवायचं. ॲक्शन आरपीजी म्हणतात त्याला. मला आधी वाटलं, सरकारी योजना असावी.

*

एकदा भर पावसात दिगू ओरडला, "आये, नवो सिझन सुरू झालो!"

मी हुरळले. देवापुढे साखर ठेवली, दोन्ही खोल्या झाडल्या, नव्या चादरी घातल्या, सोलकढीसाठी कोकमं भिजत घातली. दुपार झाली तरी एक गाडी दारात नाही.

"खंय रे तुझे पाव्हणे?"

"आये, गेमचो सिझन गो!"

म्हटलं, "मगे तुझ्या राक्षसांका सांग, चादरी घातलंय, येवान निजा!"

*

या दोघांचे गेम वेगळे, आणि कुणाचा बरा यावर रोज वाद.

सलीम म्हणायचा, "काकी, माझो गेम एकदाच विकत घेतलो. सगळी गोष्ट माझी. दिगूचो फुकट, म्हणान रोज काय ना काय मागता."

दिगू म्हणायचा, "फुकट तो फुकट! फ्री टू प्ले म्हणतत त्याका. तलवार व्हयी तर विश करूची. दगड घालूचे, नशिबात आसली तर गावता."

"विश म्हणजे काय रे?"

"नवस गो, आये."

आता हा विषय माझा! हे चमकणारे दगड खेळून खेळून साठतात, किंवा खरे पैसे देऊन मिळतात, इथवर मला समजलं. पुढे विचारलं, "म्हणजे तलवार गावल्यार दगड वाहूचे ना?"

"नाय, आदी वाहूचे."

"आणि नाय गावली तर?"

"तर दगड गेले."

मी कानाला हात लावला. आमचा रवळनाथ आधी देतो, मग घेतो. हा कुठला देव, जो आधीच हात पुढे करतो?

"पण पिटी आसता, आये," दिगू घाईने म्हणाला. "लय वेळा रिकाम्या हातान गेलंस काय त्याका दया येता."

"दया पण मोजून हो, काकी!" सलीम म्हणाला.

*

सलीमचा तोराही फार टिकला नाही. त्याच्या त्या 'एकदाच' घेतलेल्या गेममध्ये एक नवीन बेट निघालं. बेटावर जायचं तर वेगळे पैसे. याला म्हणतात डीएलसी.

आमचे हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "शुद्ध लुबाडणूक! एकदा पैशे घेतले मां, मगे परत खंयचे?"

त्याच रविवारी पुण्याचं कुटुंब जेवायला होतं. त्यांनी सोलकढी पुन्हा मागितली. हे लगेच शुद्ध मराठीत, "हो हो, मिळेल ना! थाळीत एकच वाटी असते. दुसरी एक्स्ट्रा!"

पडवीतून सलीमचा आवाज आला, "काकानू, डीएलसी! डीएलसी!"

यांना ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून यांनी दुसरी वाटी फुकट केली. आणि थाळी महाग!

*

पण एक दिवस मस्करीची कुस्करी झाली. पडवीत चारचौघं बसलेली, आणि सलीम बोलून गेला, "दिगू, तू गेम खेळणस नाय. तू गेमाच्या दारात बसान भीक मागतस."

दिगू ताडकन उठला. "आणि तू रे शेट? बेट विकत घेतलंस, तरी पयल्याच राक्षसाकडे मरतस!"

सलीमने लॅपटॉप मिटला आणि गेला. त्यानंतर बोलणं बंद. तो गल्लीतून आला की हा मागच्या दाराने विहिरीवर.

नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. समुद्राला नारळ दिला की बोट पाण्यात घालायची. पण सुकाणू एकाच्या हातात आणि दोर दुसऱ्याच्या, त्यात दोघांचं तोंड एकमेकांकडे नाही! माणूस वर आकाशात लोंबकळत असताना असं कसं चालेल? दिगू म्हणायला लागला, "बोट विकूया."

मी रवळनाथाला नवस बोलले. पोरं बोलायला लागू देत, बोट राहू दे, केळ्यांचा घड वाहीन. मिळाल्यावर, हं. आधी नाही!

*

बोट विकायची तरी इंजिन चालू हवं, म्हणून दिगू ते दुरुस्त करून घ्यायला गोव्याला गेला. जाताना टॅब माझ्या हातात दिला. "आये, रोज एकदा गेम उघड आणि हजेरी लाव. एक दिस चुकलो तर साखळी तुटता."

ज्या बाईने सोळा सोमवार केलेत, तिला हे समजवावं लागतं का? व्रत मोडायचं नाही, एवढंच ना! सकाळी आंघोळ करून, दिवा लावून, टॅब पाटावर ठेवून मी हजेरी लावली.

दिगूचा फोन आला. "लावलंस?"

"लावलंय. फूल पण वाहिलंय."

"फूल? खंय?"

"टॅबवर. जरा ओलो झालो, पण पुसलंय."

*

दुसऱ्या दिवशी त्या टॅबवर एक चांदणी लुकलुकायला लागली. काही केल्या जाईना. तेवढ्यात सलीम आला. अंगणातूनच म्हणाला, "आवशीन बांगडे दिल्यान, काकी." पडवी चढेना.

"बांगडे ठेव आणि ह्या जरा बघून दी रे!"

नाइलाजाने वर आला, आणि बघून दचकला. "काकी, ह्या विश करूचा बटण! दिगूचे सगळे साठवलेले दगड हय आसत. हात लावू नको हां."

पण समोर नवस आहे आणि मी हात बांधून बसू? मी डोळे मिटले आणि आमच्या गावच्या रीतीने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! जी तलवार माझो झील मागता, ती त्याका दी म्हाराजा! आणि ही दोन पोरां तोंड फिरवून बसली आसत, तेंका एक कर रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं कुणीही घालो, ऐकणाऱ्याने काय म्हणायचं हे या गावात जन्मलेल्याला शिकवावं लागत नाही. सलीमच्या तोंडून निघूनच गेलं, "होय म्हाराजा!"

मी बटण दाबलं.

सगळा टॅब सोन्यासारखा उजळला. सलीम उडीच मारून ओरडला, "इली गो काकी, इली!" आणि आनंदाच्या भरात स्वतःच्याच फोनवरून दिगूला फोन! "दिग्या! सोन्याची तलवार इली!"

पलीकडे दिगूही अबोला विसरला. "लाल मुठीची?"

"नाय रे, हिरव्या."

"अरे मेल्या, ती धरणारो वीर माझ्याकडे नाय! तो पुढच्या सिझनात येतलो. विकत!"

सलीम मटकन खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. फोनमधून दिगूही तसाच. पुढे दोघांचं बोलणं इतकं लांबलं की बांगडे मांजराने नेले.

केळ्यांचा घड मी त्याच आठवड्यात वाहिला. हे म्हणाले, "एवढो मोठो?" म्हटलं, "आधी दिल्यान मां तेणी!"

*

बोट अर्थातच विकली नाही. नारळी पौर्णिमेला पाण्यात उतरली तेव्हा तिच्यावर ताज्या रंगाने नवं नाव होतं. दोघांनी मिळून लिहिलेलं, कुणाला न विचारता. फ्री टू प्ले.

समुद्र निवळल्यावर पहिलं गिऱ्हाईक आलं ते कोल्हापूरचं. बायकोमुलांसकट बोटीत बसले, लाइफ जॅकेट घातली, बोट खोल पाण्यात गेली. तेव्हा कुठे त्या गृहस्थांनी विचारलं, "काय हो, बाहेर फ्री लिहिलंय. म्हणजे फुकटच ना?"

सुकाणूवरून दिगू आणि दोरावरून सलीम एका सुरात म्हणाले,

"बसायला फुकट, साहेब! परत किनाऱ्याला न्यायचे पैसे!"