अर्जाच्या इंग्रजीची तोंडी परीक्षा

दहावीच्या परीक्षेत इंग्रजीने मला शाळेबाहेर काढले आणि पुढे त्याच इंग्रजीवर मी संसार उभा केला. दिंडोशीला कोर्टाबाहेर माझे टेबल आहे. लोक आपले गाऱ्हाणे घेऊन येतात, मी ते इंग्रजीत मांडतो. एका ओळीत मावणाऱ्या तक्रारीला सात परिच्छेदांचे वजन देणे हे काम वाटते तितके सोपे नाही. मोठमोठ्या साहेबांनी माझे अर्ज वाचले आहेत. निदान त्यांवर शिक्का तरी मारला आहे, आणि शिक्का वाचल्याशिवाय मारतात असे म्हणण्याइतका मी कृतघ्न नाही.

त्यामुळे मुलगी अंधेरीच्या कॉलेजात बी.ए.ला गेली, तेव्हा तिच्या इंग्रजीची काळजी मी केली नाही. ती मराठी शाळेतून आली होती हे खरे. पण घरात मी होतो.

कॉलेजात मात्र इंग्रजी शिकवण्याची नवीन पद्धत अवतरली होती. शिकवणाऱ्या मॅडम वयाने तरुण, कुठलेसे प्रशिक्षण नुकतेच घेऊन आलेल्या. या पद्धतीत शिक्षकाने बोलायचे नसते. बाके समोरासमोर फिरवायची, एका मुलीच्या हातात एक चित्र द्यायचे, दुसरीच्या हातात थोडेसे वेगळे चित्र द्यायचे आणि दोघींनी एकमेकींना ते न दाखवता, इंग्रजीत विचारून विचारून फरक शोधायचा. दोघींनी चित्रे शेजारी ठेवली असती तर काम अर्ध्या मिनिटात झाले असते. पण विद्यापीठीय शिक्षणात सोयीच्या मार्गाला स्थान नसते. वर्गात मराठी बोलणाऱ्याने फळ्यासमोर येऊन इंग्रजीत एक विनोद सांगायचा, अशी शिक्षा होती. फाशीची शिक्षा रद्द करा म्हणणारे सज्जन याबाबत गप्प का, ते कळत नाही.

आमच्या शाळेत पद्धत सभ्य होती. मास्तर वाक्य वाचत, त्याचा मराठी अर्थ सांगत आणि आम्ही दोन्ही वहीत उतरवीत असू. बोलण्याची वेळ कोणावरच येत नसे, म्हणून कोणाची अब्रूही जात नसे.

सहामाहीला तोंडी परीक्षा लागली. मॅडम महापालिकेच्या अधिकारी होणार आणि प्रत्येक विद्यार्थ्याने नागरिक म्हणून त्यांच्यापुढे तक्रार मांडायची. मुलीच्या वाट्याला नळाला पाणी न येण्याचा विषय आला. ती घाबरली होती. मी मात्र अनेक दिवसांनी प्रसन्न झालो. तक्रार, तीही सरकारी अधिकाऱ्यापुढे, तीही इंग्रजीत! मी त्याच संध्याकाळी सात परिच्छेद उतरवून दिले आणि चार दिवस तिच्याकडून घोकून घेतले. बायकोचे माहेर मालवणकडे, ती स्वयंपाकघरातून एकदाच म्हणाली, "तुमी जरा गप ऱ्हवा बघू. तिचा तिका बोलांदेत." तिचे इंग्रजीचे शिक्षण पाहता मी दुर्लक्ष केले.

परीक्षेच्या दिवशी काय झाले ते मुलीने घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून सांगितले. मॅडम म्हणाल्या, "येस, टेल मी." हिने सुरुवात केली, "आय, द ॲप्लिकंट अबव्हनेम्ड, एज्ड अबाउट एटीन इयर्स, ऑक्युपेशन स्टुडंट..." मॅडमनी विचारले, पाणी कधीपासून बंद आहे? आता त्याचे उत्तर होते चौथ्या परिच्छेदात आणि मुलगी होती दुसऱ्यात. ती थांबली नाही. मॅडमनी पुन्हा विचारले. मग ती थांबली, आणि थांबल्यावर पाठांतर जिथून धरता येते तिथूनच तिने धरले, म्हणजे पहिल्यापासून. वर्ग हसू लागला. तरीही माझी मुलगी हार मानणारी नव्हे. तिने सातवा परिच्छेद गाठला आणि या कृपेबद्दल अर्जदार आपली सदैव ऋणी राहील व आपल्यासाठी प्रार्थना करील, असे इंग्रजीत म्हणून मॅडमना हात जोडले.

ती नापास झाली. फेरपरीक्षा पुढच्या शुक्रवारी होती.

"मी नाही देणार," ती म्हणाली. "मी कॉलेजच सोडते."

"एका परीक्षेसाठी?"

"पप्पा, सगळे मला 'अबव्हनेम्ड' म्हणून हाक मारतात. कँटीनवालासुद्धा!"

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली ही पहिली व्यक्ती. तिला मी स्वहस्ते, सुवाच्य अक्षरात घरी बसवले होते.

अर्थात दोष पद्धतीचा होता. मी प्राचार्यांच्या नावे सविस्तर अर्ज केला, तीन प्रतींत. कार्यालयाने आवक क्रमांक टाकून पोच दिली आणि त्यानंतर काहीही झाले नाही. माझ्या व्यवसायात याला यशस्वी अर्ज म्हणतात.

परतताना, अर्जाची बातमी लागलेल्या मॅडमनीच मला जिन्यात गाठले. वर्गाबाहेर त्यांचे मराठी अगदी चोख होते.

"काका, ते सगळं तुम्ही लिहून दिलं होतंत ना?"

मला अपरिचित माणसे साहेब म्हणतात. तरीही मी होकार दिला.

"लिहिलंय छान. पण काका, अर्जाला मध्येच कोणी प्रश्न विचारत नाही. माणसाला विचारतात. तुम्ही घरी तिला फक्त प्रश्न विचारा. कसेही, उलटसुलट."

हे मला कोण शिकवणार? माझ्याकडे येणारा माणूस रडत, शिव्या देत, शेवटापासून सुरुवात करतो; कधी, कुठे, कोण, असे विचारून विचारून मीच त्याची हकीकत सरळ करतो. मी घरी आलो, मुलीला समोर बसवले, घसा साफ केला आणि माझ्या लक्षात आले की हे सगळे प्रश्न मी मराठीत नाहीतर हिंदीत विचारतो. इंग्रजीत मला विनंती करता येते, निवेदन करता येते, शपथेवर सांगता येते. विचारता काहीच येत नाही. इतक्या वर्षांत माझ्या इंग्रजीत कोणी कोणाला काही विचारलेलेच नव्हते.

मुलगी कॉलेजला जाईना. मंगळवारी मी तिला म्हटले, घरात तोंड पाडून बसण्यापेक्षा टेबलावर चल, कागद लाव. ती आली.

दुपारी एक तरुण बाई आली. मणिपूरकडची, ब्यूटी पार्लरमध्ये कामाला. मराठी शून्य, हिंदी दोन-चार शब्द, इंग्रजी त्याहून जरा बरे. तिच्या बोलण्यातून मला 'बॅग', 'सर्टिफिकेट' आणि 'रूम' एवढेच हाती लागले. मी नाव, वय, व्यवसाय विचारले, तो भाग मला पाठ आहे, आणि मग पेन उघडे धरून बसलो. बाई बोलत होती, मी गंभीरपणे मान हलवत होतो. अनुभवी माणसाला हे जमते.

"वन मिनिट," कागद लावणारी माझी मुलगी म्हणाली. "फर्स्ट, व्हॉट हॅपन्ड?"

"रूम ओनर टेक माय बॅग. ऑल सर्टिफिकेट इनसाइड."

"व्हेन?"

"संडे."

"यू वेअर देअर?"

"नो, नो. आय ड्यूटी. माय फ्रेंड सी."

"फ्रेंड विल टेल पोलीस?"

"शी अफ्रेड. बट आय आस्क."

दहा मिनिटे हे चालले. दोघींच्या वाक्यांत एकही वाक्य धडधाकट नव्हते. पण हकीकत मात्र स्वच्छ उभी राहिली. मी झरझर लिहू लागलो. मुलगी खांद्यावरून वाचत होती.

"पप्पा, हे काय? बॅग हिच्या डोळ्यांदेखत हिसकावली?"

"तसे लिहायची पद्धत आहे. वजन येते."

"अहो, ती तिथे नव्हतीच! पोलीस हिला विचारतील ना. मग काय करेल ती?"

लिहून दिलेले बोलणाऱ्याला मध्येच प्रश्न आला की काय होते, ते माझ्या मुलीला चांगलेच माहीत होते. मी तो परिच्छेद खोडला. बाईने हात मिळवायला पुढे केला, तो माझ्याकडे नव्हे, मुलीकडे. आणि कागद घेऊन निघून गेली.

बुधवारी आणि गुरुवारी मुलगी टेबलावर आली नाही. ती आरशासमोर बसून स्वतःच अधिकारी होत होती, स्वतःच नागरिक होत होती आणि दोघींच्या वतीने भांडत होती. मला आत जायला बंदी होती. बायको दाराशी पहाऱ्याला होती, त्यामुळे अपिलाला जागा नव्हती.

शुक्रवारी मी कॉलेजच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. मला बोलावलेले नव्हते. पण एका बाकावर बसायला परवानगी लागत नाही. दार लोटलेले होते. आतून मॅडमचा आवाज आला, पाणी कुठल्या वेळेला येते? मग मुलीचा. मग मॅडमनी भलताच प्रश्न टाकला, शेजाऱ्यांकडे येते का? मी बाकाची कड धरली. याचे उत्तर माझ्या सातही परिच्छेदांत नव्हते.

"नेबर ऑल्सो नो वॉटर," मुलगी म्हणाली. "यू कम अँड सी. व्हेन यू विल कम? संडे?"

"संडे इज हॉलिडे," अधिकारी म्हणाल्या.

"देन मंडे. आय विल वेट."

आत कोणीतरी हसले. पण या वेळी मुलगीही हसली.

ती बाहेर आली तेव्हा कपाळावर घाम होता.

"पास. काठावर. मॅडम म्हणाल्या, व्याकरण फार वाईट आहे."

"व्याकरणाचे मी बघतो," मी म्हणालो.

"पप्पा, नको ना. प्लीज."

पुढच्या तासाची घंटा झाली. तास इंग्रजीचाच होता. ती वळून परत त्याच वर्गात गेली आणि आतून बाके फिरवल्याचा आवाज येऊ लागला.