पाचवी पाकळी

"जरा दूर जाऊन पाय."

असं म्हणायचं, डावा डोळा मिटायचा, ब्रश नाकासमोर उभा धरायचा आणि मागे न बघता एकेक पाऊल मागे सरकत जायचं. आधी नाली, मग सरळ रस्ता. आमच्या पांढरकवड्यातले ऑटोवाले आणि एसटीचे ड्रायव्हर पेंटरचाचांची ती पाठ ओळखत होते. ते मुकाट्यानं वळसा घालून जायचे. एखादा परमुलखातला ट्रकवाला मात्र करकचून ब्रेक मारायचा आणि आपल्या भाषेत चाचांच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचा. चाचांना ते ऐकूच जायचं नाही. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीला पाठ टेकली की थांबायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "हां. आता दिसलं."

तुमच्याही गावात असा एखादा पेंटर असेल. त्याची अक्षरं तुम्ही रोज वाचली असतील आणि त्याचं तोंड मात्र कधी धड पाहिलं नसेल. आमच्या गावात ते पेंटरचाचा. गावातून जाणाऱ्या जुन्या हायवेवर गॅरेजांची रांग आहे. मोठ्या गाड्या आता बायपासनं निघून जातात, पण दुरुस्तीला ट्रक इथेच येतात. त्या ट्रकांची पाठ, दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, सगळं चाचांच्या हातचं.

ते काम घालवलं माझ्या बाबांनी. बाबा आमच्या बंजारा तांड्यावरून गावात आले आणि त्यांनी फ्लेक्स छापायचं मशीन बसवलं. वर्षभरात गावातले पेंटर रिकामे झाले. बाकीचे घरांना रंग मारू लागले. चाचा एका सकाळी सरळ आमच्या दुकानात आले आणि स्टूल ओढून बसले. बाबांना वाटलं, आता भांडण. चाचा म्हणाले, "सेठ, चहा सांग. तुह्या मशीननं मले रिकामं केलं, आता माह्यासंग बोलाले बी तुलेच लागन."

तेव्हापासून ते स्टूल चाचांचं झालं. बाबांनी त्यांना चहा पाजण्यात, एकदा दोन दिवस सोडले तर, कधी खंड पडू दिला नाही. मला वाटतं, त्या चहात थोडी माफी असायची.

शाळा सुटली की मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसायचे. कोरल सॉफ्टवेअरमध्ये वाढदिवसाचे, साखरपुड्याचे, पुढाऱ्यांचे फ्लेक्स करायचे. चाचा मागून बघायचे. "अक्षराले श्वास घ्याले जागा ठेव, बेटा. तू तं काळी-पिवळी जीप भरून राह्यली." मी वैतागून अक्षरं थोडी सुटी करायचे आणि ते बरोबर असायचे, हा मोठाच वैताग होता.

त्यांची एक रीत होती. प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात ते पाच पाकळ्यांचं एक लहानसं फूल काढत. चारच पाकळ्या स्वतः काढायचे. मग ब्रश मालकाच्या हातात द्यायचे. "हे पाचवी तुमची. दुकान तुमचं, मंग तुमच्या हातचं काहीतरी पाह्यजे ना." मालक लाजायचे, पण काढायचे. आमच्या गावात कधी आलात तर जुन्या पाट्यांचे कोपरे बघा. कापडवाल्याची पाकळी इतकी जाड, की फुलाला गालगुंड झाल्यासारखं वाटतं. हेडमास्तरांनी आधी पेन्सिलनं आखून घेतली होती, ती रेघ अजून दिसते. एका मेकॅनिकनं हात न पुसताच ब्रश धरला, तिथे ग्रीसचा अंगठा आहे. चार पाकळ्या रेखीव आणि एक माणसासारखी. आमच्या दुकानावर असं फूल नव्हतं, कारण आमची पाटी फ्लेक्सची होती आणि ती मी केली होती.

उन्हाळ्यातल्या दुपारी गिऱ्हाईक नसायचं. बाबा खुर्चीत पेंगायचे. रस्ता उन्हात हलत असायचा आणि त्या हलण्यातून एखादा ट्रक तरंगत यायचा. आधी नुसता रंग दिसायचा, मग अक्षरं, मग कधीतरी ट्रक. चाचा त्याची पाठ दिसेपर्यंत मान वळवून बघत राहायचे. तेलुगू अक्षरं दिसली की त्यांचा चेहरा मऊ व्हायचा.

"वाचता येते काय तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"वाचता कुठं येते? काढता येते. कशी ओळीनं कबुतरं बसल्यावानी लिपी हाये." मग म्हणाले, "हैदराबाद किती डाव लिहलं असन मी. चार लिपीत लिहलं. पाह्यलं नाही एकदाबी."

"काहून नाही गेले?"

"गाड्या रंगवल्या अन् पाठवल्या. कोनी म्हनलंच नाही, बस म्हनून."

मी बारावी झाले आणि जाहीर केलं, की मला ग्राफिक डिझाइन शिकायचं आहे. आईला आमच्या घरी याडी म्हणतात. याडी म्हणाली, "जे तू दुकानात करते, तेच शिकाले चार वर्सं कायले?" त्यावर मी ताट दूर सारलं. शेवटी परीक्षा दिल्या आणि दोन ठिकाणी नाव लागलं. एक नागपूरला, एक हैदराबादला. गंमत बघा, दोन्ही आमच्या दुकानासमोरच्या एकाच रस्त्यावर. दारात उभं राहून डावीकडे गेलं की नागपूर, तीन तास. उजवीकडे गेलं की हैदराबाद, सगळा दिवस.

बाबांचं मत नागपूर. मी हैदराबादसाठी भांडत होते. ते मोठं आहे, जुनं आहे, तिथं फार कमी जणांना घेतात, असं बरंच काही. आता इतक्या वर्षांनी कबूल करते, की मला मनातून नागपूरच हवं होतं. दर शनिवारी घरी येता आलं असतं. हैदराबादची भाषा येत नव्हती, ओळखीचं कुत्रंही नव्हतं. माझा बेत असा, की बाबांनी नाही म्हणावं, मी रुसावं, आणि रुसून नागपूरला जावं. म्हणजे भित्री मी आणि बोल बाबांना.

दोन्ही कॉलेजं बाबांनी नेऊन दाखवली. परत आल्यावर मी चाचांना सांगत बसले. नागपूरचं कसं चकचकीत, कॉम्प्युटर किती, मावशीचं घर कसं दहा मिनिटांवर. हैदराबादचं हसत हसत सांगितलं. तिथं एक म्हातारे सर होते. त्यांनी मुलांचे कागद खाली अंगणात पसरून ठेवले आणि ते बघायला सगळ्या वर्गाला जिना चढवून गच्चीवर नेलं. "भर उन्हात, चाचा. एक पोरगी तं चक्कर येऊन खालीच बसली."

चाचांचा कप तोंडाजवळ थांबला.

"गच्चीवर नेलं?"

"हो."

"दुरून पाह्याले?"

"हो ना."

त्यांनी कप खाली ठेवला. चहावर साय धरली. मग कपातच बघत म्हणाले, "म्हनजे हे शिकवतेत तिथं. मले वाटे, हे माह्यंच येडेपन हाये."

मी तेव्हाही हसले. आज ते आठवलं की लाज वाटते.

जागा पक्की करायला शुक्रवार शेवटचा होता. गुरुवारी दुपारी मी चाचांना म्हटलं, "तुम्हीच सांगा आता. बाबा तुमचं ऐकतात." मला खात्री होती, म्हातारा माणूस जवळचंच सांगणार. झालं, सुटले.

चाचा उठले. "चाल," म्हणाले. माझं मनगट धरलं आणि नेहमीसारखे उलटे चालायला लागले. मीही उलटी. एक एसटी आम्हा दोघांना वळसा घालून गेली. टपरीला पाठ लागली तेव्हा ते थांबले.

"वाच," म्हणाले.

समोर आमचं दुकान. वर मी केलेली पाटी. अकरावीत असताना केली होती, आणि मला तिचा केवढा अभिमान. सोनेरी अक्षरं, लाल सावली, मोरपीस, मागे सूर्याचे किरण, पाच तऱ्हेचे टाइप. स्क्रीनवर ती राजवाड्यासारखी दिसायची. लावल्यापासून वर्षभरात मी एकदाही रस्ता ओलांडून तिच्याकडे बघितलं नव्हतं. इथून तो फक्त एक पिवळा-लाल डाग होता, पांढऱ्या धोतरावर वरण सांडल्यासारखा. माझ्याच दुकानाचं नाव मला वाचता येत नव्हतं.

"वर्षभर सांगितलं का नाही तुम्ही?" मी चिडले. रडू येत होतं म्हणून जास्तच चिडले.

"सांगून दिसते काय, बेटा? तू मशीनजवळ बसून राह्यली. तिथून चांगलंच दिसते थे." टपरीवाल्यानं पुढे केलेला चहा त्यांनी घेतला नाही. "मले बी वाटते, तू नागपूरले जावं. शनिवारी येशीन. तू गेली तं माह्यासंग अक्षराचं बोलनार कोन? तुहा बाप फ्लेक्सच्या फुटाचा भाव बोलते. पन हे मी जवळून पाहून राह्यलो ना. थे काही खरं नाही."

"मला भीती वाटते, चाचा," मी म्हटलं. ते पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

"वाटनच. तुमचे बुढे याच वाटेनं बैलाइवर मीठ लादून खाली जात. त्याइले का भेव वाटलं नसन?"

तेवढ्यात बाबा दुकानाबाहेर आले. आम्ही दिसत नाही म्हणून डोळ्यांवर हात धरून रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघत राहिले, आधी डावीकडे, मग उजवीकडे. समोर मात्र बघत नव्हते. जन्मापासून मी त्या माणसाच्या इतक्या जवळ होते, की ते एवढे बारीक झालेत हे मला कळलंच नव्हतं. मला ते फार आवडले त्या क्षणी. आणि मला जायचं आहे हेही त्याच क्षणी कळलं.

संध्याकाळी मी भांडले नाही. "मला हैदराबादला जायचं आहे, भीती वाटते, तरी," एवढंच म्हटलं. बाबांकडे भांडणाची तयारी होती, या वाक्याची नव्हती. सकाळी दुकानाच्या कॉम्प्युटरवर त्यांनीच माझा फॉर्म भरला. चाचांना दोन दिवस चहा सांगितला नाही. तिसऱ्या दिवशी नेहमीसारखे दोन कप आले.

मी निघाले तेव्हा बाबा आणि याडी बसच्या खिडकीशी होते. चाचा नव्हते. मला वाईट वाटलं. बस सुटल्यावर दिसले, रस्त्याच्या पार पलीकडे टपरीला टेकून, डावा डोळा मिटून.

पुढे चाचा बाबांच्या फोनवरून बोलायचे. "तिथले बोर्ड कसे हायेत?" हा पहिला प्रश्न. मी फोटो पाठवायचे, ते बाबांना फोन लांब धरायला लावायचे. मी त्या गच्चीवाल्या सरांना चाचांबद्दल सांगितलं. सर म्हणाले, घेऊन ये त्यांना, मुलांशी बोलतील. हे सांगितलं तेव्हा चाचा म्हणाले, "येतो ना. जिना किती पायऱ्याइचा हाये?" दिवाळीनंतर नेते म्हटलं. दिवाळीनंतर माझं काही सबमिशन होतं. मग उन्हाळ्यात म्हटलं. उन्हाळ्यात मी मैत्रिणींबरोबर कुठंतरी गेले. हे मी कुणावर ढकलू शकत नाही. हैदराबाद हजारदा लिहिणाऱ्या माणसाला एक जण हवा होता, बस म्हणणारा. मी म्हटलं आणि नेलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. यवतमाळला नेलं, तिथून ते परत आले नाहीत. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. स्टूल दुकानाच्या आत घेऊन ठेवलेलं होतं.

आणि आमच्या दुकानावर पत्र्याची पाटी होती. हातानं रंगवलेली. बाबांनी फोनवर हे सांगितलं नव्हतं. महिन्याभरापूर्वी चाचांनीच फ्लेक्स उतरवायला लावला. बाबा म्हणाले, "मी म्हनलं, चाचा, फ्लेक्सवाल्याच्या दुकानावर पेंटरची पाटी, लोकं हासतीन. ते म्हने, हासू दे, वाचतीन तं खरं." पांढऱ्यावर निळी अक्षरं, बाकी काही नाही. कोपऱ्यात फूल. चार पाकळ्या.

"मी ब्रश घेतलाबी होता," बाबा म्हणाले. "ते म्हने, थांब सेठ. हे पाकळी तिची हाये, ते आली का काढन."

निळ्या रंगाचा डबा झाकण घट्ट लावून मशीनच्या मागे ठेवला होता. ब्रश रॉकेलात बुडवलेला. बाबांनी तो पुसून माझ्या हातात दिला आणि स्टूल बाहेर आणून पाटीखाली ठेवलं. चाचांच्या स्टुलावर पाय द्यायला मला जड गेलं. चढले. दीड वर्षात मी किती तऱ्हेचे ब्रश धरले होते, पण त्या दिवशी कापडवाल्यासारखाच तो मुठीत आवळून धरला. पाकळी वाकडी आली, टोकाला थोडी ओघळली. मी ती पुसायला गेले.

बाबांनी खालून माझा हात धरला. पोरगी दूर जाणार म्हणून ज्या माणसानं चाचांना दोन दिवस चहा सांगितला नव्हता, त्यानं मला खाली उतरवलं आणि रस्त्याकडे बोट केलं.

"पुसू नोको," म्हणाले. "जाय. जरा दूर जाऊन पाय."

मी उलटी चालत निघाले. नाली, मग रस्ता. एक ऑटो मला वळसा घालून गेला. टपरीला पाठ टेकली तेव्हा थांबले आणि डावा डोळा मिटला. दुकानाचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. त्याखाली स्टुलाजवळ बाबा उभे होते, आणि या वेळी ते समोर बघत होते.