सयाजी पाटोळ्यांची तेरावी बाब

सयाजीराव पाटोळ्यांनी चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षं ब्रेकचे सुटे भाग नाकारले. कामच ते होतं. लोक भाग तयार करायचे, सयाजीराव प्रत्येक भाग मापाला लावायचे आणि केसभर कमी-जास्त निघाला की लाल पेटीत टाकायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. रहाटणीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते चपातीसुद्धा आधी उजेडाकडे धरून बघत. त्यांच्या पत्नी, शालनबाई, एकदा शांतपणे म्हणाल्या, "ती गाडीला लावायची नाहीये. खा."

अशा माणसासमोर आगमनकाळाचा उपदेश करताना पाळकसाहेबांनी जरा जपून बोलायला हवं होतं. नाताळाच्या आधीचे चार रविवार प्रभूच्या पहिल्या येण्याची आठवण काढायची आणि दुसऱ्या येण्याची तयारी करायची, हे सयाजीराव जन्मापासून ऐकत आले होते. लहानपणी नगरकडच्या गावात बापाच्या मांडीवर पेंगत ऐकलं होतं, नंतर पिंपरीच्या चर्चमध्ये पहिल्या पाळीसाठी आठवडाभर पहाटे उठल्यामुळे बाकावर पेंगत ऐकलं होतं. पण यंदा पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि सरळ विचारलं, "प्रभू एक दिवस येणार असं आपण म्हणतो आणि घरी जाऊन वामकुक्षी घेतो. तो आज दुपारी अडीचला आला तर?"

अडीच ही वेळ सयाजीरावांना भोवली. कंपनीत अडीचला पाळी बदलायची. मोठ्या गिऱ्हाईकाकडचे ऑडिटवाले न सांगता यायचे ते नेमके अडीचला. पहिली पाळी निघायच्या घाईत, दुसरीचे डबे अजून हातात, आणि ज्यानं उत्तर द्यायचं तो हात धुवायला गेलेला.  त्या रविवारी ते जेवले, पण वामकुक्षी घेतली नाही. अडीच वाजेपर्यंत खुर्चीत ताठ बसून राहिले. अडीच वाजून गेल्यावर उठले आणि पट्टी-पेन्सिल घेऊन कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तक्ता आखायला लागले.

बाब, स्थिती, कार्यवाही आणि तारीख. बारा बाबी निघाल्या. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना, शास्त्रवाचन, बुधवारची उपवास प्रार्थना. खालच्या मजल्यावरचा विक्की जिन्यात दुचाकी लावतो तेव्हा तोंडातून निघणारे शब्द. शेजारणीच्या पाण्याच्या मोटरीबद्दलचे विचार. आजारी माणसांना भेटी. प्रत्येक बाबीपुढे रंगीत ठिपका चिकटवायचा: लाल, पिवळा, हिरवा. ठिपके त्यांनी स्टेशनरीच्या दुकानातून पाकीटभर आणले होते, आणि त्यात लाल जास्त घेतले होते. सवय.

त्यानंतरचे दिवस रहाटणीच्या त्या इमारतीला बरे गेले. विक्कीच्या दुचाकीला सयाजीराव वळसा घालून जायला लागले. विक्कीलाच काहीतरी चुकल्यासारखं वाटून त्यानं गाडी बाहेर लावली. आजारी माणसांच्या भेटीत ते इतके पुढे गेले की चर्चमधले दोघेजण साध्या सर्दीला घाबरायला लागले, कारण सर्दी झाली की सयाजीराव संत्री घेऊन हजर. ठिपके भराभर हिरवे झाले. दोन आठवड्यांत बाराच्या बारा. शुक्रवारी सकाळी त्यांनी कपाटाचं दार उघडलं आणि प्रसन्न मनानं मागे सरले.

तक्त्याच्या खाली, पेन्सिलीनं, शालनबाईंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: १३. कोंडीराम.

सयाजीरावांनी खोडरबर घेतला आणि खोडलं. आंघोळ करून आले तर पुन्हा लिहिलेलं, या वेळी मुलीच्या जुन्या मार्करनं.

"हे काय आहे?" त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं.

"वाचून काय कळतं?"

"हा विषय यात बसत नाही."

"असं तुम्ही ठरवणार, का येणारा ठरवणार?" शालनबाई मेथी निवडत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही.

"तोच बोलत नाही माझ्याशी. मी काय करू?"

"अहो, परवा प्रभुभोजन आहे. त्या मेजाशी तुम्ही एका टोकाला गुडघे टेकणार आणि तो दुसऱ्या टोकाला. नऊ वर्षं बघतेय मी. भाकर एक, रस एक, आणि तुम्ही दोघं दोन चर्चांतून आल्यासारखे."

 कपाटाशी परत जाऊन सयाजीरावांनी तेराव्या बाबीपुढे पिवळा ठिपका चिकटवला.  मग तो नखानं खरवडून काढला आणि लाल लावला. काही झालं तरी एकतीस वर्षं प्रामाणिकपणे तपासणी केलेला माणूस होता तो.

सगळीच वर्षं प्रामाणिक होती असं मात्र म्हणता आलं नसतं, आणि गोम तिथंच होती.

कोंडीराम त्याच कंपनीत स्टोअर सांभाळायचा. दोघं एकाच चर्चचे, एकाच बसनं जाणारे, एकाच डब्यात जेवणारे. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी, कधी नव्हे ते, ऑडिटवाले येत असल्याचा आधीच निरोप आला आणि त्या आठवड्यात नेमक्या लाल पेट्या शिगोशीग भरलेल्या. एवढा नाकारलेला माल पाहून गिऱ्हाईक बिथरलं असतं. तेव्हा सयाजीरावांनीच डोकं चालवलं. "टेम्पोत भर," ते कोंडीरामला म्हणाले, "आणि ते जेवायला बसेपर्यंत चाकणभर फिरवत राहा." कोंडीराम नको म्हणत होता. मैत्रीखातर गेला. टेम्पो चौकातल्या कोंडीत अडकला, आणि बरोबर त्याच्या मागे ऑडिटवाल्यांची गाडी येऊन उभी राहिली. मागचं फळकूट उघडं, लाल पेट्या समोर, पेट्यांवर कंपनीचं नाव ठळक. तास-दीड तास ट्रॅफिक हललं नाही, त्यामुळे पाहुण्यांना पेट्या निवांत मोजता आल्या.

साहेबांनी सयाजीरावांना बोलावून विचारलं, हे कुणाचं डोकं? सयाजीरावांनी बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "स्टोअरचं काम आहे, सर. मला कल्पना नाही."

पुढच्या महिन्यात कोंडीराम सुपरवायझर व्हायचा होता. तो झाला नाही. त्याला गेटवर गाड्यांची नोंद करायला बसवलं आणि निवृत्त होईपर्यंत तो तिथंच बसला. सयाजीराव रोज त्या गेटमधून आत जायचे. पहिल्या दिवशी लाजेनं मान खाली घातली, दुसऱ्या दिवशीही घातली, आणि महिन्याभरानं त्यांना कोंडीरामचाच राग यायला लागला. बसलाय तो बसलाय, वर बघतो कसा. हा राग मग त्यांनी नऊ वर्षं नीट जपला, आणि कुणी विचारलं तर सांगायचे, "तोच बोलत नाही."

शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सयाजीराव निगडीच्या बसमध्ये बसले. खिडकीशी बसून त्यांनी मनातल्या मनात भाषण तयार केलं. पहिल्या मसुद्यात 'परिस्थिती' हा शब्द चार वेळा आला. आकुर्डीपर्यंत तो दोनवर आणला. निगडीला उतरताना शून्यावर आला होता, पण मग भाषणात फारसं काही उरलंच नव्हतं.

कोंडीराम तळमजल्यावर राहायचा. घरापुढच्या फरशीवर तो उकिडवा बसून चर्चसाठी नाताळचा तारा बांधत होता, माणूसभर उंचीचा. बांबूच्या कामट्या, सुतळी, डिंकाचा डबा. फाटकाची कडी वाजली तसं त्यानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सलाम," सयाजीराव म्हणाले.

"सलाम. आलायस तर हे टोक धर. डिंक लावलाय. वाळेपर्यंत सोडायचं नाही."

सयाजीराव गुडघे कुरकुरवत खाली बसले आणि दोन कामट्यांचा सांधा दोन्ही हातांनी दाबून धरला. "मी जरा बोलायला आलो होतो."

"मग बोल की. तोंडाला डिंक लावलेला नाही मी."

"तो टेम्पो."

"कोणता?" कोंडीराम सुतळी तोडत म्हणाला. "स्टोअरला होतो मी. टेम्पो पुष्कळ आले, पुष्कळ गेले."

त्याला मदत करायची नव्हती हे उघड होतं, आणि हात अडकल्यामुळे सयाजीरावांना उठूनही जाता येईना. मग त्यांनी सांगितलं. कल्पना माझी होती. तू नको म्हणत होतास. साहेबांनी विचारल्यावर मी तुझ्यावर ढकललं. तुझी बढती माझ्यामुळे गेली. आणि वर तुझ्यावरच रागावून बसलो.

"ते शेवटचं कशाला?" कोंडीरामनं खऱ्या कुतूहलानं विचारलं.

"तू दिसलास की मी काय केलंय ते आठवायचं. माफ कर मला, कोंडीराम."

कोंडीरामनं दुसऱ्या टोकाला तीन वेढे दिले, गाठ मारली, दातानं ओढून घट्ट केली. "साहेबांना कळलं होतं," तो म्हणाला. "त्यांनीच मला सांगितलं, कल्पना पाटोळ्याची दिसते म्हणून. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. म्हटलं, सयाजी स्वतः येऊन सांगेल."

सयाजीरावांनी सांधा आणखी घट्ट दाबला.

"गेटचं म्हणशील तर पहिली दोन वर्षं जड गेली. मग बरं वाटायला लागलं, सावली होती. पण रविवारी तू सगळ्यांना सलाम करत यायचास. माझ्या मागच्या बाकावर ते म्हातारे बहिरे बाबा बसायचे, त्यांना ऐकू जावं म्हणून दोनदा करायचास. मधल्या मला नाही. ते लागायचं, राव."

सयाजीरावांचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळे नव्हते. कोंडीरामनं ते पाहिलं आणि खांद्यावरच्या पंच्यानं, लहान मुलाचं पुसावं तसं, त्यांचं तोंड खसाखसा पुसलं. पंच्याला डिंक होता. एक भुवई चिकटली.

"मी रोज काय मागायचो सांगू?" तो म्हणाला. "प्रभू, लवकर ये, पण हा सयाजी माझ्याकडे येऊन गेल्यावर ये. नाहीतर हा मागे राहायचा आणि मला तिकडं करमायचं नाही. आमची केसर म्हणायची, एका माणसापायी अख्ख्या जगाला थांबवून ठेवलंय तुम्ही."

"केलंस माफ?"

"हे मागायला लागलो तेव्हाच केलं होतं. तुला पोहोचायला उशीर झाला. निगडीची बस पकडायला नऊ वर्षं लागतात का कुणाला?"

तेवढ्यात कोंडीरामच्या पत्नी, केसरबाई, दारात आल्या आणि सयाजीरावांना पाहून त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. "या भाऊजी. शालनचा फोन आला होता, निघालेत म्हणून. मी भात वाढवून टाकलाय."

"तुम्ही दोघी बोलता?"

"दर गुरुवारी महिला सभेत, आणि मध्ये फोनवर. भांडण तुमचं होतं. आम्ही कशाला त्यात वेळ घालवायचा?"

सांधा वाळला. सयाजीरावांनी भीत भीत हात काढले. कामट्या जागच्या जागी राहिल्या. हात धुऊन दोघं आत गेले आणि सतरंजीवर शेजारी शेजारी बसले. ताटं आली, मटणाचा रस्सा आला, आणि केसरबाई म्हणाल्या, "भाऊजी, प्रार्थना तुम्ही करा." कोंडीरामनं जरा धास्तीनं वाटीकडे पाहिलं. सयाजीरावांची जेवणाआधीची प्रार्थना चर्चमध्ये प्रसिद्ध होती. ती राष्ट्रपतींपासून सुरू व्हायची आणि रस्त्यावरच्या वाहनचालकांपर्यंत यायची, तोवर भजी मऊ पडायची.

सयाजीरावांनी डोळे मिटले. नेहमीचं काहीच आठवेना. खिडकीतून ऊन येत होतं, रश्श्याचा वास येत होता, आणि कोंडीरामचा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लागला होता.

"प्रभू," ते म्हणाले, "आम्ही दोघं जेवायला बसलोय. तू आत्ता आलास तरी चालेल. आमेन."

"आमेन," कोंडीराम म्हणाला, आणि आपल्या वाटीतलं नळीचं हाडूक उचलून त्यानं सयाजीरावांच्या ताटात ठेवलं. सयाजीरावांनी ते न तपासता तोंडाला लावलं.