मॉर्मन स्वर्गाचे भाष्यकार

मुलुंडला आमच्या शेजारी तत्त्वज्ञानाचे एक प्रोफेसर राहत. मॉर्मन या अमेरिकन ख्रिस्ती पंथाचा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता; पण अमेरिकेहून बोटीने मागवलेली त्या पंथाची चार पुस्तकं वाचून ते दर रविवारी व्हरांड्यात चर्चा भरवीत. चर्चा म्हणजे त्यांनी बोलायचं आणि आम्ही माना डोलवायच्या. प्रत्येक वाक्य ‘मूलतः’ने सुरू होई, चहासुद्धा ते ‘मूलतः साखर कमी’ असा मागत. मध्ये कुणी बोललंच, तर ते डोळे मिटून त्याचं बोलणं संपायची वाट पाहत.

एका रविवारी ते म्हणाले, "मूलतः, या पंथात लग्नगाठ मरणानंतरही सुटत नाही. नवराबायको अनंतकाळ एकत्र राहतात."

समोरच्या चाळीतले सावंत ऐकत होते. त्यांची बायको दिवाळीच्या तोंडावर गेली होती. घसा खाकरून त्यांनी विचारलं, "म्हणजे प्रोफेसर, आमची ही मला परत भेटेल?"

प्रोफेसरांनी डोळे उघडले. "मूलतः, तुमचा विवाह त्यांच्या मंदिरात झालेला नाही. तेव्हा तुमचा प्रश्न गैरलागू आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कुठे होतो आपण?"

सावंत चपला घालून निघाले. मेलेल्यांसाठीही मंदिरातला तो लग्नविधी मागाहून करता येतो, असं आदल्याच रविवारी प्रोफेसरांनी आम्हाला तासभर समजावलं होतं. मी उठलो, सावंतांना गाठलं आणि ते सांगितलं.

"असू दे हो," सावंत म्हणाले. "पण ते नुसतं होय म्हणाले असते, तर त्यांचं काय बिघडलं असतं?"