राहून राहिली

"माय रोवणा करून राहिली असंन," ती उभी राहून म्हणाली, आणि मी तिला तिथेच अडवलं.

अकरावीचा वर्ग. दहावीनंतरची ही दोन वर्षं तेव्हा नवीनच निघाली होती, आणि उत्तर नागपुरातल्या एका मराठी शाळेला ते वर्ग जोडले गेले तेव्हा इंग्रजीसाठी मला घेतलं होतं. जुलै महिना होता. आत्ता या घटकेला घरचं माणूस काय करत असेल ते आधी मराठीत सांगा, मग आपण इंग्रजीत करू, असा माझा बेत होता. तिसऱ्या बाकावरची ही मुलगी सर्वांत आधी उठली होती. रामटेककडच्या खेड्यातली. तिकडे धानाची लावणी, म्हणजेच रोवणा, चालू होती.

"'करून राहिली' नाही," मी म्हणाले. "'करत असेल' म्हण. आधी मराठी शुद्ध, मग इंग्रजी."

मागे मुलं हसली. शेजारची मैत्रीण दबक्या आवाजात म्हणाली, "शुद्ध बोल ना वं, मॅडम सांगून राहिल्या तं!" त्यावर हशा आणखी वाढला. ती खाली बसली. त्यानंतर जवळजवळ दोन महिने ती माझ्या तासाला बोलली नाही.

मला स्वतःला बोलण्याची हौस कधीच नव्हती. इंग्रजी शाळेत शिकले. तिथे मराठी बोलताना सापडेल तिच्या हातात एक लाकडी चकती देत. दुसरं कोणी सापडेपर्यंत ती आपल्याजवळ ठेवायची, आणि शाळा सुटताना जिच्याकडे चकती तिला शिक्षा. पहिली दोन वर्षं ती बहुधा माझ्याकडेच असे. मग मी उपाय शोधला. कोणत्याच भाषेत फारसं बोलायचं नाही. घरी आई पुण्याकडची. नागपुरात वीस वर्षं काढूनही "राहिलं-बिहिलं घरात नको" हा तिचा नियम. भाजीवाली दारात "घेऊन राहिल्या का बाई?" म्हणाली की आई भाजी घेई आणि आत येऊन ते वाक्य शुद्ध करून आम्हाला ऐकवी. असं माझं सगळं बालपण या शहरात गेलं आणि शहराची बोली तेवढी बाहेर राहिली.

तेव्हा मी त्या मुलीला जे म्हणाले ते आईचं वाक्य होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

ती का गप्प झाली आहे याची मी फार चौकशी केली नाही. गप्प माणसांना एकटं सोडावं, असं माझं मत होतं. पण तिची ती मैत्रीण बडबडी होती. एकदा मधल्या सुट्टीत जिन्यावर भेटली आणि मी न विचारताच म्हणाली, "मॅडम, तिले नर्सिंगले जायचं आहे. तिथं इंग्रजीत विचारतात म्हणे. ती तं आता मराठीतबी बोलत नाही!"

बाकीचं तिच्याचकडून समजलं. गावात दहावीपुढची शाळा नव्हती म्हणून मुलगी मामाकडे राहत होती. मामा मिलमध्ये कामाला, दोन खोल्या, त्याची स्वतःची चार मुलं. बारावीपर्यंत ठेवतो, असं त्याने बहिणीला कबूल केलं होतं, आणि तो शब्द पाळणारा माणूस होता. पण त्यापुढे जागाच नव्हती. नर्सिंगच्या शाळेला वसतिगृह होतं. तिथे निवड झाली तर नागपूर, नाही तर परत गाव आणि धानाचा बांध. मुलाखत इंग्रजीत होणार होती.

सप्टेंबरात वह्या तपासायला घेतल्या. चालू काळाची दहा वाक्यं दिली होती. जवळजवळ सगळ्या वह्यांत तेच. आय ॲम गो. शी इज की शी डज, काही मेळ नाही. एकाने 'माय फादर इज गोज' लिहून वर 'इज'भोवती फुलांची महिरप काढली होती. मग तिची वही आली. दहाच्या दहा बरोबर.

मला आधी वाटलं, हिने कुठून तरी उतरवलं. मग समासात पेन्सिलीने बारीक लिहिलेलं दिसलं. प्रत्येक वाक्याशेजारी एक ओळ. 'मी पानी भरून राहिली.' त्यापुढे, आय ॲम फिलिंग वॉटर. 'मामी भाकरी करून राहिली.' माय आंट इज मेकिंग भाकरी. 'राहिली'खाली एक रेघ आणि 'इज'खाली एक रेघ. 'करून'खाली दोन आणि 'मेकिंग'खाली दोन.

मी त्या रेघा पहिल्या ओळीपासून पुन्हा पाहिल्या. पुस्तकातलं 'मी भरत आहे' हे त्या वर्गात कोणीच बोलत नव्हतं. मी त्यांना एका परक्या भाषेतून दुसऱ्या परक्या भाषेत न्यायला निघाले होते. आणि त्यांच्या तोंडात दिवसभर जे होतं, त्यात इंग्रजीसारखेच दोन तुकडे आपोआप पडत होते. एक कामाचा, एक 'राहिली'चा. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. तिलाही नाही.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी तिला वही घेऊन थांबायला सांगितलं. ती टेबलाजवळ आली, वही उघडली आणि मी काही बोलायच्या आत खोडरबराने समास खोडायला लागली.

"खोडू नकोस," मी म्हणाले.

"चुकलं, मॅडम. आता शुद्धच लिहीन."

त्या वेळी सांगायला हवं होतं की चूक माझी होती. मला ते जमलं नाही. मी फक्त खोडरबर तिच्या हातातून घेतलं आणि माझ्या पर्समध्ये टाकलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. खोडरबर परत द्यायचंही राहून गेलं.

पण पुढच्या तासाला फळ्यावर तारीख घातली आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मी जाऊन राहिली'. पाठ फिरवून लिहीत होते म्हणूनच लिहू शकले. मग मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "मॅडम, हे तं आमचं हाय!"

"तुमचंच आहे," मी म्हणाले. "आता याचं इंग्रजी करा. 'राहिली'ला काय म्हणाल?"

त्या दिवशी इतका गोंधळ झाला की शेजारच्या वर्गातून मराठीचे सर दारात येऊन उभे राहिले. कोणी म्हशी धुऊन राहिला, कोणाचा काका झोपून राहिला, कोणाचा भाऊ 'नापास होऊन राहिला'. सगळ्यांची इंग्रजी वाक्यं बरोबर. सरांनी फळा वाचला. मग शिक्षकांच्या खोलीत चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "का हो मॅडम, तुम्ही इंग्रजी शिकवता की वऱ्हाडी? नाही, माझा पगार तुम्हाला द्यायला सांगतो."

मी हसले आणि खिडकीबाहेर पाहिलं. एरवी असं बोलणं मला आठवडाभर टोचलं असतं. त्या दिवशी टोचलं नाही.

तिचा हात वर गेला तो त्याच्या दोन दिवसांनी. मी प्रश्न विचारलाच नव्हता.

"मॅडम, 'मी मामाकडे राहून राहिली', हे कसं म्हणायचं?"

वर्गाला ते फारच आवडलं. "राहून राहिली! राहून राहिली!" बाकांवर ताल धरला गेला. मागून कोणी म्हणालं, "आता मॅडम अडकल्या गा!" मला दिसत होतं की ती हसत नाहीये. ती पाहत होती, की मी आता काय करते.

"चांगला प्रश्न आहे," मी म्हणाले, आणि लिहिलं, आय ॲम स्टेइंग विथ माय अंकल. "पण गावाबद्दल सांगताना आय लिव्ह. जिथे आपण थोड्या दिवसांपुरते आहोत तिथे स्टेइंग. जिथे आपलं कायमचं आहे तिथे लिव्ह."

तिने ते लिहून घेतलं. मग मान वर करून म्हणाली, "म्हणजे आपलं घर असलं तं लिव्ह, अन् दुसऱ्याचं असलं तं स्टेइंग."

"बहुतेक वेळा," मी म्हणाले.

तेव्हापासून बारावी संपेपर्यंत ती मधल्या सुट्टीत रोज दहा मिनिटं माझ्याजवळ येऊन बसे. आम्ही दोघीही कमी बोलणाऱ्या, त्यामुळे हे बरं चालत असे. मी एक प्रश्न विचारी, ती उत्तर देई, मग आम्ही आपापले डबे खात असू. तिच्या डब्यात जवसाची चटणी असे. एक दिवस तिने न विचारता ती माझ्या झाकणात वाढली.

मुलाखतीच्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही संग या ना." मी गेले. व्हरांड्यात बाकावर मी आणि तिचा मामा. मामा रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. तासभर तो बंद दाराकडे पाहत होता. शेवटी तो म्हणाला, "पोरगी बोलंन का, मॅडम?"

"बोलेल," मी म्हणाले. मग वाटलं हे फार कोरडं झालं. "बोलून राहिली असंन," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. मामाने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पिशवीतून काढून मला एक संत्रं दिलं.

ती बाहेर आली ती घामाने भिजून. काय विचारलं? कुठे राहतेस, हे विचारलं. आय लिव्ह निअर रामटेक, बट आय ॲम स्टेइंग विथ माय मामा. मामा म्हणजे कोण, असं मेट्रनबाईंनी विचारलं. "अंकल शब्द आठवलाच नाही, मॅडम. मी म्हटलं, माय मदर्स ब्रदर. ही इज सिटिंग आउटसाइड."

मामाला तेवढं समजलं. तो उठून उभाच राहिला.

दहा दिवसांनी यादी लागली. तिचं नाव होतं.

ऑगस्टमध्ये शाळेच्या पत्त्यावर मला तिचं एक आंतरदेशीय पत्र आलं. सगळं इंग्रजीत, जेमतेम अर्धं पान. जेवण बरं आहे. गणवेश ढगळ आहे. एका खोलीत आठ जणी, पण कॉट प्रत्येकीची वेगळी, आणि उशाशी एक लहान कपाट, त्याची किल्ली तिच्याकडे आहे. आईचा रोवणा झाला. आणि खाली, 'आय लिव्ह इन द नर्सेस हॉस्टेल.'

मी तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यापुढे बसले होते. लाल पेन हातातच होतं. तीन वर्षांचं वसतिगृह, इथे स्टेइंग हवं, ते तिला नक्की माहीत होतं. तिने स्वतःच तर विचारून घेतलं होतं.

मी पेनाचं टोपण लावलं, आणि पत्र पर्समध्ये त्या खोडरबराशेजारी ठेवलं.