गाळलेलं कडवं

सुदामदादा गेल्याचं मला जामखेडच्या स्टँडवर कळलं. कर्जतच्या गाडीचा कंडक्टर बोलता बोलता सांगून गेला. त्यांच्या घरून निरोप आला नव्हता... यायचा कसा? चार वर्षं आम्ही बोलत नव्हतो.

दादा गवंडीकाम करायचे, भीमगीतं लिहायचे आणि स्वतःच गायचे. त्यांची एकुलती एक कॅसेट मी काढली. माझं कॅसेटचं दुकान, पैसाही पदरचा. एका कॅसेटमध्ये जास्त गाणी बसावीत म्हणून मी प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं गाळलं. त्याच कडव्यात त्यांचं नाव-गाव यायचं. दादा कुरकुरले, तेव्हा म्हणालो, ‘‘नाव कव्हरवर आहे की, मोठ्या अक्षरांत.’’

पण लोक एक कॅसेट घेत आणि कोऱ्या कॅसेटवर तिच्या नकला गावभर काढत. नकलेला कव्हर कुठलं? माझा माल पडून राहिला. एका जयंतीला दादांनी कर्ण्यावर आपलंच गाणं ऐकलं. कोण गातंय, विचारलं तर पोरं म्हणाली, ‘‘आसंल कुनी मुंबईचा.’’ त्या रात्री स्टेजवर दुसरीच गायनपार्टी होती. दादा खाली, लोकांत बसलेले.

मग त्यांनी कॅसेटच्या नकला काढून देणाऱ्या कर्जतच्या एका दुकानदाराला पूर्ण गाणी भरून दिली. शेवटच्या कडव्यासकट, फुकट. मी तडक त्यांच्या कामावर जाऊन भांडलो.

‘‘माझ्या पोटावर पाय दिलात, दादा.’’

हातातली थापी खाली न ठेवता ते म्हणाले, ‘‘शेठ, तुमी कॅसेट इकता, मी गळा. कॅसेटची नक्कल निघती. गळ्याला मानूस बोलवावाच लागतो. पन कुनाला बोलवायचं, ते तर कळाया पायजे.’’

‘‘मला विचारायचं तरी.’’

‘‘इचारलं आस्तं तर तुमी भाव करत बसला आस्ता.’’

मी आवाज चढवला.

पुढे त्यांना गावोगावची बोलावणी येऊ लागली. गवंडीकाम सुटलं, गाण्यावर घर चाललं, लेक शिकून मास्तरीण झाली. मला सगळं कानावर येत होतं. पण आधी विचारलं नाही, हा राग मी धरून बसलो. खरं सांगतो, तो अजून पुरता गेलेला नाही.

दादांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो. मांडवात सगळे दादांचं गाणं म्हणत होते, मीही म्हणत होतो. शेवटचं कडवं आलं आणि माझं तोंड मिटलं... लहानथोर सगळ्यांना ते पाठ, एकट्या मलाच येत नव्हतं. शेजारी दादांची लेक होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तेच कडवं पुन्हा धरलं, सावकाश, मला शब्द सापडतील अशा बेतानं.

हल्ली सकाळी दुकानाचं शटर वर करताना ते आपोआप तोंडात येतं. दादांचं नाव आलं की मी जरा थांबतो... मग गाव म्हणतो.