लायनेलची रेकॉर्ड आणि न आलेलं रडू

मिस ओपल गेल्या आणि त्यांच्या मुलीनं, व्हर्नीटानं, घर विकायला काढलं. तळघर आवरताना तिनं आर्डेल प्रूइटला फोन केला.

"लायनेलच्या रेकॉर्डी अजून इथंच पडल्यात. नेणार आहेस की कचऱ्यात घालू?"

"येतो."

"झालं? कशी आहेस, काय म्हणतेस, काही नाही?"

"कशी आहेस?"

"म्हातारी झालेय. ये."

आर्डेल पहिल्यापासून असा मख्ख नव्हता. शिकागोच्या साउथ साइडला तो आणि व्हर्नीटाचा भाऊ लायनेल एकाच रस्त्यावर वाढले. चर्चमध्ये गाणाऱ्या पोरांत दोघं शेजारी उभे राहायचे आणि शिकवणाऱ्या बाईंची नजर चुकवून खिदळायचे. पुढे याच तळघरात लायनेलनं वडिलांचा रेकॉर्ड प्लेयर आणि कुणाकडून तरी मागून आणलेला दुसरा, असे दोन शेजारी मांडले. एका रेकॉर्डचा ठेका दुसरीच्या ठेक्यात कळू न देता मिसळायचा, हे दोघं तिथं शिकले. वरून मिस ओपल टाचेनं जमीन ठोकायच्या. "अरे मेल्यांनो, माझ्या बश्या फळीवरून चालायला लागल्या!"

मग गाद्यांच्या एका बंद कारखान्यात शनिवारचा नाच सुरू झाला आणि दोघांना तिथं बोलावणं आलं. दारू नाही, नुसता फळांचा रस आणि बर्फाचं पाणी. गर्दी अशी, की भिंतींनाही घाम फुटायचा. रस्त्यात ज्यांना दिवसभर टोमणे आणि शिव्या खाव्या लागत, ती पोरं तिथं राजासारखी नाचत. पुरुष पुरुषाच्या गळ्यात पडून नाचला तरी कुणी मान वळवून बघत नसे. लायनेल त्यांच्यातलाच होता. आर्डेल नव्हता, पण तिथं ते कुणी विचारलंच नाही.

एक रेकॉर्ड फिलाडेल्फियाची होती. तिच्यात नुसती व्हायोलिनं चढत जायची आणि मग एक बाई गायला लागायची. आर्डेलला नेहमी घाई.

"थांब रे," लायनेल त्याचं मनगट धरायचा. "इतक्यात आणू नकोस तिला. लोकांना वाट बघू दे. जरा तरसू दे."

एक इटलीहून आलेली. शब्द एक नाही, कुठल्यातरी यंत्राची घरघर नुसती. ती लागली की लोक बूट काढून नाचायचे. आणि एक लायनेलनं स्वतः केलेली. ठेक्याचं यंत्र मित्राचं, पियानो चर्चमधला, दार लावून घेऊन वाजवलेला. गावातला एक जण जुन्या रेकॉर्डी वितळवून नव्या छापायचा, त्याच्याकडून ती छापून घेतली. नवी कोरी असूनही करकर वाजायची.

"कुणा पोलिश आजोबाची लग्नातली गाणी वितळलीत हिच्यात," लायनेल म्हणायचा. "ऐक, म्हातारा अजून खोकतोय."

ती वाजली की सगळा कारखाना एका आवाजात ओरडायचा. आर्डेलच्या अंगावर काटा यायचा, दर वेळी.

मग लायनेलचं वजन उतरायला लागलं. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. मिस ओपल त्याला सूप भरवायच्या आणि शेजाऱ्यांना छातीचा आजार सांगायच्या. एकोणनव्वद सालच्या वसंतात तो गेला.

चर्चमध्ये पाद्री लायनेलच्या गळ्याबद्दल भरभरून बोलले. रेकॉर्डींबद्दल एक शब्द नाही, कारखान्याबद्दल नाही, मागच्या बाकांवर मान खाली घालून बसलेल्या त्याच्या दोस्तांबद्दल नाही. नंतर तळमजल्यावर सगळे जेवायला बसले. मॅकरोनी, तळलेलं चिकन, कॅरमल केक. आर्डेलनं सगळं खाल्लं. चव कशाचीच लागली नाही.

शनिवार होता. तो उठला आणि कारखान्यात वाजवायला गेला.

लायनेलची रेकॉर्ड त्यानं लावली तेव्हा माणसं एकमेकांना कवटाळून रडत होती, नाचत होती. आर्डेल आपल्या हातांकडे बघत राहिला. हात बरोबर चालले होते. दात काढायला सुई टोचल्यावर गाल असतो पण आपला वाटत नाही, तसा तो सबंध झाला होता. कुणीतरी घामेजल्या हातांनी त्याचा चेहरा धरून म्हणालं, "बाबा, आयुष्यात असं कधी वाजवलं नव्हतंस!"

त्याला वाटलं, उतरेल सकाळपर्यंत. उतरलं नाही. पुढच्या हिवाळ्यात आणखी दोस्त गेले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आणखी. दर वेळी आर्डेल काळा कोट घालून जाई, जेवे आणि परत येई. कारखान्याला कुलूप लागलं. त्यानं शहराच्या बसवर नोकरी धरली. लाल दिवा लागला की थांबायचं, हिरवा लागला की निघायचं. त्याहून जास्त कुणी काही मागत नाही, हे त्याला मानवलं. लग्न केलं, ते चार वर्षांत मोडलं. "तू घरात असतोस, पण भेटत नाहीस," एवढंच बायको म्हणाली होती.

तर तो व्हर्नीटाकडे गेला. खोकी जिन्यावरून वर आणता आणता दोघांचे गुडघे बोलायला लागले. व्हर्नीटानं दिवाणखान्यातल्या जुन्या प्लेयरवर लायनेलची रेकॉर्ड लावली. सपाता घातलेल्या पायांनी ती थोडी डोलली, मग थांबली.

"तुला काही होतंय?"

"नाही."

"काहीच नाही?"

"पियानो जरा मागं राहतो ठेक्याच्या. तेव्हाही राहायचा. तेवढं कळलं."

व्हर्नीटा खुर्चीत बसली. "त्या दिवशी तू जेवून उठलास आणि नाचाला गेलास. मी वर्षानुवर्षं तुझं तोंड बघत नव्हते, माहीत आहे?"

"माहीत आहे. घरी जाऊन काय करणार होतो?"

"रडायचं होतंस."

"आलं नाही. अजून यायचंय."

व्हर्नीटानं सपाता काढून ठेवल्या. मग म्हणाली, "मी तरी कुठं रडले? चर्चची सगळी भांडी घासली. दोनदा." पाय चोळत पुढे म्हणाली, "जुलैत तळ्याकाठच्या पार्कात कारखान्यातल्या जुन्या लोकांची पिकनिक असते. तिथं लाव ही. त्याचं नाव घेऊन. आईनं हयातभर जे झाकलं, तेही सांग. आता लाजायला कोण उरलंय?"

आर्डेलच्या जिवावर आलं होतं, पण तो गेला. भर दुपार, घडीच्या खुर्च्या, विस्तवावर भाजणाऱ्या डुकराच्या फासळ्यांचा धूर, पांढऱ्या केसांची माणसं हातपंखे हलवत नाचत होती. त्यानं मंचावर चढून रेकॉर्ड लावली आणि माइक उचलला.

"ही लायनेल गेट्सनं केली. तो एकोणनव्वद साली एड्सनं गेला."

व्हर्नीटानं हॅट काढून मांडीवर ठेवली. नाचणारे काही थांबले. मग गर्दीतून एक टकला, काठी टेकणारा गृहस्थ ओरडला, "ड्वाइट!" तिकडून एक बाई म्हणाली, "माझा भाऊ, क्लॅरेन्स!" मग नावं येतच राहिली, ठेक्यावर, ठेका चुकवून, एकात एक. रेकॉर्ड संपत आली तरी थांबेनात. आर्डेलनं सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. रडू येतंय का, हे तो बघत होता. आलं नाही.

उतरल्यावर व्हर्नीटानं त्याच्या हातात भरलेली ताटली दिली. "आलं?"

"नाही."

"बरं. खा. गार होतंय."

तेवढ्यात तो काठीवाला शेजारच्या खुर्चीत येऊन टेकला. "तू ओळखणार नाहीस मला. लायनेलच्या वेळी चर्चमध्ये मी मागच्या बाकावर होतो. ड्वाइट माझा होता. त्याच्याबद्दल कुणी कधी विचारलंच नाही बघ."

आर्डेलनं ताटली गवतावर ठेवली. "कसा होता?"

म्हातारा सांगायला लागला. ड्वाइटला पोहता येत नव्हतं, तरी दर उन्हाळ्यात तो तळ्यात उतरायचा, इथूनच, या दगडांवरून. गोष्ट लांबत गेली. लोक खुर्च्या मिटून घरी निघाले. आर्डेल ऐकत बसून राहिला.